जीआरईच्या मॉकला आलेले मार्क खऱ्या परीक्षेत येतात का? सांगली-साताऱ्याहून सारखे येणारे प्रश्न

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं, नोकरी सांभाळून एमएसची तयारी करणारे आणि अधूनमधून त्यांचे आईवडील पण, सगळ्यांचे मेसेज फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, मॉकला इतके आलेत तर खऱ्याला किती येतील. (जीआरई म्हणजे परदेशात एमएसच्या ॲडमिशनसाठी द्यायची परीक्षा, मॉक म्हणजे तिची सराव परीक्षा.) प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं इथं लिहून ठेवतेय. नंबर दिलेत, एका उत्तरात दुसऱ्याचा नंबर दिसला की तिकडं जाऊन वाचा, तेच तेच परत लिहिलेलं नाही.

१. ताई, मॉकला जेवढे येतात तेवढेच खऱ्या जीआरईला येतात का?

तेवढेच नाही, त्याच्या आसपास येतात, आणि ते पण मॉक नीट दिली असेल तर. नीट म्हणजे ईटीएसची, जीआरई घेणाऱ्या संस्थेची, स्वतःची मॉक, प्रश्न पहिल्यांदाच बघितलेले, घड्याळ लावून, मधे न उठता, सगळे सेक्शन एकाच बैठकीत, आणि परीक्षेच्या आधीच्या महिन्याभरात दिलेली. अशा दोन-तीन मॉकचं ॲव्हरेज हा तुमच्याकडं असलेला सगळ्यात चांगला अंदाज. यातली एक अट मोडली की अंदाज ढिला होतो, दोन-तीन मोडल्या की तो आकडा घरात सांगायला बरा, बाकी उपयोग नाही. "आसपास" म्हणजे नेमकं किती ते प्र. ४ मध्ये.

२. आत्ताची परीक्षा नेमकी कशी असते? आमच्या क्लासची मॉक तिच्यासारखी आहे का बघायचंय.

२२ सप्टेंबर २०२३ पासून जीआरई छोटी झाली. एकूण १ तास ५८ मिनिटं. सुरुवातीला रायटिंगचा एकच निबंध, ३० मिनिटं. मग व्हर्बलचे, म्हणजे इंग्रजीचे, दोन सेक्शन, १२ प्रश्न १८ मिनिटांत आणि १५ प्रश्न २३ मिनिटांत. क्वांटचे, म्हणजे गणिताचे, दोन, १२ प्रश्न २१ मिनिटांत आणि १५ प्रश्न २६ मिनिटांत. व्हर्बल आणि क्वांट प्रत्येकी १३० ते १७०, दोन्हींची बेरीज म्हणजे टोटल (पुढं ३१२, ३१८ असे आकडे येतात ते हेच), रायटिंग ० ते ६ अर्ध्या अर्ध्या मार्काच्या पायरीनं. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. मधे ठरलेला ब्रेक नाही. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच असतो, साधा, त्यात साइन-कॉस काही नाही. तुमच्या मॉकमध्ये २०-२० प्रश्नांचे सेक्शन असतील तर ती जुन्या पद्धतीची आहे, प्र. ८ बघा.

३. पॉवरप्रेपला ३१८ आले आणि दुसऱ्या एका कंपनीच्या मॉकला ३०७. खरं कुठलं धरू?

पॉवरप्रेप धरा. कारण सरळ आहे, परीक्षा घेणारे आणि पॉवरप्रेप बनवणारे एकच, ईटीएस. प्रश्नांची भाषा, अवघडपणा, मार्क काढायची पद्धत, स्क्रीन, सगळं त्यांचंच. फुकटच्या दोन आहेत आणि पैसे भरून मिळणाऱ्या पॉवरप्रेप प्लसच्या तीन, म्हणजे खऱ्या अर्थानं भरवशाच्या मॉक एकूण पाचच. त्या जपून वापरा, पहिल्याच आठवड्यात उत्साहात दोन्ही फुकटच्या उडवून टाकणारे लई भेटतात आणि मग शेवटी हातात काहीच राहत नाही.

बाकी कंपन्यांच्या मॉक वाईट नसतात ओ, पण मार्क कसे काढायचे हे त्यांनी बाहेरून अंदाजानं बसवलेलं असतं. कुणाची क्वांट मुद्दाम अवघड, कुणाचं व्हर्बल नुसतं शब्दांवर, आणि काहींचे मार्क कमी येण्यात त्यांचाच फायदा असतो, कारण घाबरलेलं पोरगं कोर्स विकत घेतं. अशा मॉकचा आकडा तसाच उचलायचा नाही. त्याच आठवड्यात एक पॉवरप्रेप देऊन दोन्हीतला फरक बघा. ती कंपनी तुम्हाला ८-१० कमीच देते असं दोनदा दिसलं तर पुढच्या वेळी तेवढे मनात मिळवायचे. फरक दर वेळी वेगळा येत असेल तर त्या मॉक सरावाला ठेवा, अंदाजाला नको.

४. "आसपास" म्हणजे नक्की किती? घरी आकडा सांगायचाय.

आकडा नाही सांगता येत, पट्टा सांगता येतो. हे जरा सावकाश वाचा कारण बाकीची अर्धी उत्तरं यावर उभी आहेत.

समजा तुमची खरी तयारी क्वांटला १६२ ची आहे. उद्या परीक्षा दिली, परवा दुसऱ्या प्रश्नांची दिली, तेरवा तिसऱ्या, मधे काहीही शिकला नाही आणि विसरला पण नाही, तरी तिन्ही वेळा १६२ येणार नाहीत. कधी तुमच्या आवडीचं प्रोबॅबिलिटी येईल, कधी डेटाचा विचित्र ग्राफ येईल, कधी अंदाजानं मारलेलं लागेल. बेदाण्याच्या सौद्यात बॉक्समधून मूठभर काढून बघतात तसंच आहे हे, माल तोच पण प्रत्येक मुठीत दाणे वेगळे. या वरखालीला मोजमापातली चूक म्हणतात आणि जीआरईच्या व्हर्बल किंवा क्वांटला ती साधारण दोन ते अडीच मार्कांची असते. म्हणजे तीनपैकी दोन वेळा तुम्ही १६० ते १६४ च्या आत पडाल, आणि क्वचित ४-५ मार्कांनी पण हलाल, त्यात कुणाचा दोष नाही.

दोन्ही मिळून टोटल धरली तर वरखाली दुप्पट होत नाही, कारण दोन्ही एकदमच एका बाजूला जातील असं नसतं. टोटलला तीन ते साडेतीन धरा. म्हणून ३१४ ची तयारी असलेल्या पोराला ३११ आले तर काही बिघडलेलं नाही आणि ३१७ आले तर चमत्कार पण झालेला नाही.

छोट्या परीक्षेत हे जास्त बोचतं. एका विषयाचे २७ प्रश्न आणि मार्कांच्या पायऱ्या १३० पासून १७० पर्यंत, म्हणजे एखादा प्रश्न इकडचा तिकडं झाला की मार्क हलणारच.

५. मागच्या मॉकला ३१२ होते, आता ३१५ आले. अभ्यास लागू पडतोय ना?

असेल, पण या दोन आकड्यांवरून ते सिद्ध होत नाही. मागची मॉक पण हलती, आत्ताची पण हलती, दोघींची वरखाली एकत्र आली की फरकाची वरखाली अजून मोठी होते, टोटलला साडेचार-पाच मार्क. त्यामुळं तीनची वाढ ही नुसती मूठ बदलल्यामुळं पण येते. उलटं पण तेवढंच खरं, ३१५ वरून ३१२ झाले म्हणून रात्री जेवण सोडू नका. आठ-दहाची वाढ दिसली, किंवा चार मॉकमध्ये सरळ वर जाणारी ओळ दिसली, तर म्हणा की गाडी चाललीये.

मार्कांपेक्षा चुका बघितल्या तर लवकर कळतं. आधी वेळ संपल्यामुळं शेवटचे तीन प्रश्न सुटायचे आणि आता एकच सुटतोय, तर ती खरी वाढ आहे, मार्क हलले नसले तरी.

६. बेस्ट मॉक धरायची का ॲव्हरेज?

ॲव्हरेज. बेस्ट मॉक बेस्ट का झाली, तर तयारी अधिक त्या दिवशीचं नशीब. परीक्षेला तयारी सोबत येते, नशीब येईलच असं नाही. म्हणून बेस्टवर आशा ठेवणारा जवळजवळ प्रत्येक जण परीक्षेनंतर "माझे कमी आले" म्हणतो आणि वर्स्टवर रडणारा "जास्त आले" म्हणतो, परीक्षा दोघांशी सारखीच वागलेली असते.

समजा शेवटच्या तीन नीट दिलेल्या मॉक ३११, ३१८, ३१३. ॲव्हरेज ३१४. तीनचं ॲव्हरेज एकट्या मॉकपेक्षा पक्कं असतं, पण खरी परीक्षा मात्र एकदाच बसून द्यायचीये, तिची स्वतःची वरखाली कुठं जात नाही. म्हणून तीन मॉक देऊन सुद्धा पट्टा वरखाली चारचा धरा, म्हणजे ३१० ते ३१८, आणि त्याच्या बाहेर पडण्याची शक्यता तरी तीनात एक राहतेच.

सुरुवातीची, तयारी व्हायच्या आधीची मॉक ॲव्हरेजमध्ये घालू नका. ती कुठून सुरुवात केली हे सांगते, कुठं पोचणार ते नाही.

७. फुकटची पॉवरप्रेप परत दिली तर चालेल का? यावेळी ९ मार्क वाढले!

देता येते, प्रश्न तेच येतात. म्हणूनच वाढले. तुम्ही म्हणाल मला उत्तरं आठवत नव्हती, पण पॅसेज ओळखीचा वाटला की डोकं निवांत होतं, वाचायला वेळ कमी लागतो आणि तो वाचलेला वेळ दुसऱ्या प्रश्नाला मिळतो. परत दिलेली मॉक चुका सुधारल्या का बघायला उत्तम, अंदाजाला शून्य. टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफमधून ते प्रश्न आधी सोडवून मग "पहिल्यांदाच" मॉक देणारे पण याच खात्यात.

८. सीनियरनं जुनी पुस्तकं दिलीत, त्यातल्या मॉक चालतात का?

किती जुनी त्यावर आहे. व्हर्बलमध्ये अँटोनिम्स आणि ॲनॉलॉजी दिसल्या, मार्क २०० ते ८०० मध्ये असले, तर ते ऑगस्ट २०११ च्या आधीचं पुस्तक आहे, शब्द पाठ करायला ठेवा, मॉक म्हणून नको. २०११ ते २०२३ मधलं असेल तर प्रश्नांचे प्रकार आजचेच आहेत आणि गंमत म्हणजे प्रत्येक प्रश्नाला मिळणारा वेळ पण जवळजवळ तोच, क्वांटला पावणेदोन मिनिटं, व्हर्बलला दीड. फक्त तेव्हा प्रत्येक विषयाचे ४० प्रश्न, दोन निबंध, वर एक न मोजला जाणारा सेक्शन आणि एकूण पावणेचार तास बसायचं. त्यामुळं पुस्तकातला २० प्रश्नांचा सेक्शन सरावाला चांगला, पण मागच्या पानावरच्या टेबलातून काढलेला स्कोअर आजच्या परीक्षेला तसाच चिकटवू नका.

कागदावरच्या कुठल्याही मॉकला अजून एक अडचण आहे, ती पुढच्या उत्तरात.

९. पहिल्या मॉकला १९ बरोबर होते आणि दुसऱ्या मॉकला २०, तरी दुसऱ्यात मार्क कमी! कसं काय?

कारण नुसते बरोबर किती हे मोजलं जात नाही. पहिला सेक्शन सगळ्यांना मध्यम असतो, तो कसा गेला त्यावर दुसरा सेक्शन सोपा, मध्यम का अवघड द्यायचा ते ठरतं. अवघड दुसरा सेक्शन मिळालेल्याचे १९ आणि सोपा मिळालेल्याचे २० यात १९ वाला पुढं जाऊ शकतो. म्हणून "किती बरोबर आले की १६५?" या प्रश्नाला एकच टेबल नाही, कुणी पाठवलं तर विश्वास ठेवू नका. कागदावरची मॉक असं बदलू शकत नाही, तिचा स्कोअर त्यामुळंच मोघम.

अंदाजासाठी यातून एक कामाची गोष्ट निघते. तुमच्या मॉकमध्ये दर वेळी अवघडच दुसरा सेक्शन येत असेल तर स्कोअर बऱ्यापैकी स्थिर राहतो. पण तुम्ही बरोबर काठावर असाल, कधी अवघड मिळतो कधी मध्यम, तर पहिल्या सेक्शनमधल्या एखाद्या फालतू चुकीनं मार्क जास्त हलतात आणि तुमचा पट्टा प्र. ४ पेक्षा रुंद धरावा लागतो. आणि एक, परीक्षा चालू असताना "दुसरा सोपा वाटतोय, म्हणजे पहिला गेला" असलं गणित मांडत बसू नका. अभ्यास झालेल्याला अवघड सेक्शन पण सोपा वाटतो.

१०. नोकरी आहे, मी क्वांट सकाळी आणि व्हर्बल रात्री देते. चालतं का?

सरावाला चालतं, अंदाजाला नाही. खऱ्या परीक्षेत निबंध आधी येतो आणि अर्धा तास टाइप करून डोकं आंबल्यावर बाकीचं सुरू होतं. मॉकमध्ये बहुतेक सगळे निबंध गाळतात, "त्याला काय, मार्क तर दाखवत नाही" म्हणून, आणि मग पहिल्या सेक्शनला ताजे असतात, जे परीक्षेला नसणार. रविवारचे दोन तास काढा. मोबाईल बाहेरच्या खोलीत, चहा आधी प्या, आणि पॉज बटण आहे हे विसरून जा. फोनमधला कॅल्क्युलेटर वापरला, एक कॉल घेतला, एका शब्दाचा अर्थ हळूच बघितला, तर ती मॉक ॲव्हरेजमधून काढून टाका, स्वतःशीच हिशोब आहे.

११. घरूनच परीक्षा देणार आहे. मॉक पण घरीच देतोय, मग काय फरक?

फरक आहे आणि तो सगळ्यात जास्त लोकांना शेवटच्या आठवड्यात कळतो. घरच्या परीक्षेत कच्च्या कामाला कागद चालत नाही. छोटा व्हाइटबोर्ड आणि पुसता येणारा मार्कर, नाहीतर पारदर्शक कव्हरमध्ये घातलेला कागद आणि त्यावर तोच मार्कर. क्वांटच्या सगळ्या मॉक वहीवर बारीक अक्षरात सोडवल्या आणि परीक्षेला जाड मार्करनं चार ओळीत बोर्ड भरला की पुसा, परत लिहा, आधीचं गेलं, असं होतं. बोर्ड आजच घ्या आणि पुढच्या सगळ्या मॉक त्यावर द्या.

इयरफोन चालत नाहीत, खोलीत दुसरं कुणी यायचं नाही, कॅमेऱ्यातून बघत असतात. आपल्याकडं घर म्हणजे आजी विचारायला येणार जेवलास का, कुकरच्या शिट्ट्या, समोर मंडळाचा मांडव. अभ्यासिकेत गप्प शांततेत मॉक देऊन परीक्षा मात्र सांगलीत विश्रामबागेतल्या घरात रस्त्याकडच्या खोलीत देणार असाल, तर शेवटच्या दोन मॉक त्याच खोलीत, त्याच टेबलावर, त्याच वेळेला द्या. घरच्या परीक्षेची वेळ दिवसा-रात्री कधीची पण मिळते, म्हणून घर सगळ्यात शांत असतं ती निवडा. लाईट जायची सवय असलेल्या भागात लॅपटॉप चार्ज असून भागत नाही, राउटर पण इन्व्हर्टरवर पाहिजे.

१२. सेंटर पुण्याला घेतलंय. प्रवासामुळं मार्क कमी होतात का?

प्रवासानं नाही, न झोपल्यानं होतात. साताऱ्याहून पुणे एकशेदहा किलोमीटर आहे, दुपारचा स्लॉट असेल तर सकाळची एसटी पकडून जाता येतं, पण खंबाटकी घाटात ट्रॅफिक लागलं की सगळा हिशोब बिघडतो. सांगली-मिरजेहून तर सव्वादोनशेच्या पुढं. पहाटे निघून सकाळची परीक्षा द्यायचा शहाणपणा नको, आदल्या दिवशी कोयना एक्सप्रेस धरा, कुणा नातेवाइकाकडं नाहीतर लॉजवर झोपा. मॉकचा आकडा हा झोप झालेल्या माणसाचा आकडा आहे, त्याची तुलना रात्रभर गाडीत बसलेल्या माणसाशी होत नाही. सेंटरवर कच्च्या कामाला कागद मिळतो, एवढं तरी सुख आहे.

१३. निबंधाचे मार्क मॉकमधून कळतात का?

थोडेफारच. फुकटच्या पॉवरप्रेपमध्ये निबंधाला मार्क मिळत नाहीत, प्लसमध्ये कॉम्प्युटर देतो. खऱ्या परीक्षेत एक माणूस आणि ईटीएसचं ई-रेटर हे सॉफ्टवेअर दोघं तपासतात, दोघांचं जमलं नाही तर दुसरा माणूस बघतो. क्लासमधल्या सरांनी ५ दिले तर ते प्रेमानं दिलेत का बघा. स्पेलिंग आपोआप सुधारणारा एडिटर वापरून लिहिलेला निबंध अंदाजाला धरूच नका, परीक्षेतल्या एडिटरमध्ये कट-पेस्ट आहे पण स्पेलिंग कुणी सांगत नाही. अर्ध्या मार्काची वरखाली गृहीत धरा आणि सोडून द्या.

१४. माझं क्वांट दर वेळी सारखं येतं पण व्हर्बल १४६, १५३, १४८ असं नाचतं. मराठी मिडियममुळं का?

मिडियममुळं नाही, अंदाजामुळं. ज्यांचं वाचन कमी झालंय त्यांचे बरेच प्रश्न "दोघातलं एक" करून मारलेले असतात आणि जेवढे अंदाज जास्त तेवढं नाचणं जास्त. शिवाय दोन-तीन रिकाम्या जागांच्या प्रश्नात सगळ्या बरोबर भराव्या लागतात, एक चुकली की त्या प्रश्नाचं काहीच मिळत नाही, त्यामुळं एखाद्या शब्दावर प्रश्न येतो नाहीतर जातो.

उपाय सांगते. पुढच्या मॉकला शेजारी कागद ठेवा आणि जे उत्तर खात्रीनं दिलं नाही त्या प्रश्नाचा नंबर लिहा. मॉक संपल्यावर मोजा. आठ अंदाज मारले आणि सहा लागले तर ती मॉक नशिबानं फुगलेली आहे, दोनच लागले तर दबलेली. खात्रीनं बरोबर आलेल्या प्रश्नांची संख्या मॉकमागून मॉक बघितली तर ती मार्कांपेक्षा कमी नाचते. हे करायला फुकट आहे आणि शंभरातले नव्वद जण करत नाहीत, आळस दुसरं काय.

१५. इंटरनेटवर तर सगळे लिहितात, मॉकपेक्षा खऱ्याला ५-६ जास्त आले. मग मी पण धरू का?

ज्यांना जास्त आले ते लिहितात. ज्यांना कमी आले ते मोबाईल बंद करून झोपलेत. शिवाय लिहिणाऱ्यानं कुठल्या मॉकशी तुलना केली ते बघा, मुद्दाम अवघड बनवलेल्या कंपनीच्या मॉकशी केली असेल तर वाढ दिसणारच, ती प्र. ३ मधली गोष्ट.

१६. मॉकला ३२० यायचे, परीक्षेला ३०८ आले. बाराचा फरक नशीब कसं असेल?

बरोबर, एवढा फरक नुसत्या वरखालीत बसत नाही, कारण शोधायला पाहिजे. मला असे मेसेज आले की मी याच क्रमानं विचारते: ३२० कुठल्या कंपनीचे, प्रश्न आधी बघितलेले होते का, ते ३२० बेस्ट होते का ॲव्हरेज, मॉक एका बैठकीत दिली का, परीक्षेला वेळ संपला का, आदल्या रात्री झोप झाली का. पहिल्या चारात बहुतेक वेळा उत्तर सापडतं, म्हणजे मार्क पडलेले नसतात, मुळात ते ३२० खरे नव्हते.

खरंच सगळं नीट करून पण बारा पडले असतील तर परीक्षेतली घाई किंवा भीती. पहिल्या सेक्शनमध्ये एका प्रश्नाला पाच मिनिटं चिकटून बसलात का आठवा. सेक्शनच्या आत मागं पुढं जाता येतं, प्रश्न मार्क करून ठेवता येतो, हे मॉकमध्ये वापरलं नसेल तर परीक्षेत सुचत नाही.

१७. मॉक ॲव्हरेज ३०९ आहे, मला ३१८ पाहिजेत, परीक्षा दहा दिवसांवर. पुढं ढकलू का?

दहा दिवसात नऊ मार्कांची खरी वाढ अवघड आहे. "लागले तर लागले" म्हणून द्यायची असेल तर प्र. ६ चा पट्टा बघा, ३०९ वरून ३१३ पर्यंत नशीब नेईल, ३१८ पर्यंत क्वचित. ॲप्लिकेशनची तारीख लांब असेल तर ढकला. तारीख बदलायची तर परीक्षेच्या किमान चार दिवस आधी बदलावी लागते आणि पैसे जातात. तारीख जवळ असेल तर देऊन टाका, परत द्यायला २१ दिवस थांबावं लागतं आणि कुठल्याही सलग बारा महिन्यात पाच वेळा देता येते. कुठला स्कोअर पाठवायचा ते स्कोअरसिलेक्टमध्ये आपण ठरवतो, खराब झालेली परीक्षा युनिव्हर्सिटीला दाखवायलाच पाहिजे असं नाही. फी मात्र डॉलरमध्ये आहे, तेव्हा "एकदा देऊन बघू" हे घरच्यांशी बोलून.

पण ॲव्हरेज ३१५ आणि पाहिजेत ३१८ अशी स्थिती असेल तर ढकलू नका, तीन मार्क पट्ट्याच्या आतच आहेत.

१८. शेवटची मॉक कधी द्यायची? एकूण किती?

शेवटची परीक्षेच्या चार-पाच दिवस आधी. आदल्या दिवशी दिली आणि कमी आले तर नुकसान, जास्त आले तर फायदा शून्य. एकूण सहा-सात पूर्ण मॉक पुष्कळ झाल्या, त्यातल्या शेवटच्या तीन ईटीएसच्या राखून ठेवलेल्या. रोज एक मॉक देणारे पण आहेत, ते अभ्यास करत नाहीत, फक्त वजनकाट्यावर चढून उतरतात.

१९. मॉकवरून युनिव्हर्सिटीची यादी करू का?

करा, पण पट्ट्याचं खालचं टोक धरून सेफ कॉलेजं, मधला आकडा धरून बाकीची, आणि वरचं टोक धरून एक-दोन. बऱ्याच ठिकाणी जीआरई आता ऐच्छिक आहे, ते आधी बघा, कदाचित एवढा घोर लावून घ्यायची गरजच नसेल. पर्सेंटाइलची (शंभरातले किती जण तुमच्या खाली आहेत) भानगड पण ध्यानात ठेवा, क्वांटला १७० पैकी १७० मिळाले तरी पर्सेंटाइल नव्वदीतच राहतो कारण वरती गर्दी आहे, आणि व्हर्बलला १६० ला पण तो ८० च्या वर जातो. मॉकमध्ये दाखवलेला पर्सेंटाइल त्या कंपनीच्या पोरांमधला आहे का ईटीएसचा, हे बघितल्याशिवाय धरू नका.

२०. हेच सगळं गेट, कॅट, एमबीए सीईटीला लागू होतं का?

वरखाली, ॲव्हरेज, परत दिलेली मॉक, हे सगळं तसंच लागू. पण एक मोठा फरक आहे. जीआरईचा स्कोअर त्या दिवशी शेजारी कोण बसलंय यावर ठरत नाही. सीईटी आणि कॅटमध्ये शेवटी पर्सेंटाइल बघतात, म्हणजे दुसऱ्यांच्या तुलनेत तुम्ही कुठं, आणि क्लासच्या मॉकला बसणारी पोरं म्हणजे आधीच तयारी करणारी. तिथला ८५ पर्सेंटाइल खऱ्या परीक्षेत वर जाऊ शकतो, कारण तिकडं फॉर्म भरून न वाचता आलेले पण असतात. उलट सांगलीतल्या एका छोट्या क्लासमधल्या चाळीस पोरांत पहिला आलो म्हणजे ९९ असं पण नाही.

गेटमध्ये एमसीक्यूला निगेटिव्ह आहे, एक मार्काच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोनच्या प्रश्नाला दोन तृतीयांश, त्यामुळं प्र. १४ मधले अंदाज तिथं मार्क खातात. सीईटीला निगेटिव्ह नाही पण १५० मिनिटांत २०० प्रश्न, तिथं मॉक अर्धवट वेळेत दिली तर आकड्याला काहीच अर्थ नाही, कारण परीक्षाच वेगाची आहे.

२१. परीक्षा संपल्यावर स्क्रीनवर दिसतात ते मार्क आणि नंतर येणारे वेगळे निघू शकतात का?

स्कोअर रिपोर्ट करायचं निवडलं की व्हर्बल आणि क्वांटचे अनऑफिशियल मार्क तिथंच दिसतात, ते सहसा तेच राहतात. ऑफिशियल ८ ते १० दिवसात अकाउंटला येतात, निबंधाचे मार्क तेव्हाच कळतात. पुढं पाच वर्षं चालतात.